कोश हातात, व्यवहार कुठे?

हल्ली अर्थशास्त्राचे शब्द शिकवणारी ॲप्स मुलांच्या मोबाईलवर आली आहेत. एकीकडे 'सप्लाय', दुसरीकडे 'पुरवठा'. जोडी जुळली की हिरवी खूण. बालभारतीच्या नववीच्या भूगोलात आठवा धडा 'अर्थशास्त्राशी परिचय' आहे, म्हणजे या शब्दांशी गाठ लवकरच पडते. मराठीतून शिकून पुढे इंग्रजी पुस्तकं वाचावी लागणाऱ्या मुलांना ही उजळणी उपयोगी पडते, हे आधी कबूल करतो. माझी तक्रार वेगळी आहे.

माझ्या भाच्याची मुलगी निफाड तालुक्यात नववीत शिकते. अशाच एका ॲपवर तिला पैकीच्या पैकी गुण. मी विचारलं, "तुमच्या चाळीत सत्तर क्विंटल उन्हाळ कांदा आहे. तो पुरवठा का गं?"

"हो, आजोबा."

"मग बाबा तो आज लासलगावला का नेत नाहीत?"

"भाव नाही ना! भाव वाढला तर निम्मा काढतील."

आता बघा. चाळीत आहे तो साठा. अमुक भावाला, अमुक काळात विकायला काढला जातो तो पुरवठा. बारावीचं पुस्तक हा फरक व्याख्या देऊन सांगतं. पोरीला तो घरीच कळला होता. पण आपल्याला कळलंय ते अर्थशास्त्रच आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ॲपने तर विचारलंही नव्हतं.

आपले नैयायिक शब्दाचा अर्थ कळण्याची आठ साधनं सांगतात. कोश हे त्यातलं एक. महत्त्व व्यवहाराला: मोठी माणसं शब्द बोलतात, त्याप्रमाणे वागतात, ते पाहून मूल शिकतं. विसाव्या शतकात विटगेनस्टाइननेही अर्थ वापरात शोधायला सांगितलं. या ॲपने आठांतला फक्त कोश उचलला, कारण यंत्राला तपासायला तोच सोपा. जे तपासता येतं तेवढंच शिकवायचं, असा हा उलटा न्याय झाला.

ॲप फेकून द्या असं मी म्हणत नाही. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपवर स्कॅन केला की पाठाचं साहित्य उघडतं. वाट तयार आहे. प्रत्येक शब्दाखाली घरचा, बाजाराचा एक प्रश्न ठेवा, आणि त्याचं उत्तर वर्गात शिक्षकांनी ऐकावं. नाहीतर शेतकऱ्याची मुलगी शब्द पाठ करील आणि बापाचा हिशेब अडाणी समजेल. हे नुकसान कुठल्याच गुणपत्रिकेत दिसत नाही.