हजार खेळ आणि एक बटण

हातात धरून खेळायच्या, जुन्या धाटणीच्या व्हिडिओ गेमचा आजचा बाजार सगळा आकड्यांवर चालतो. खोक्यावर सर्वांत ठळक असते ती खेळांची संख्या: ४००, ५,०००, १०,०००. त्याखाली पडदा किती इंची, कार्ड किती जीबीचे, बॅटरी किती क्षमतेची. बटण कसे दबते, दाबल्यावर पडद्यावरचा गडी लगेच उडी मारतो की क्षणभर रेंगाळतो, याबद्दल मात्र एक शब्द नसतो. कळमेश्वरसारख्या तालुक्याच्या गावी ही उणीव अधिक जाचते. नागपूर फार दूर नाही, पण असली खरेदी आता बहुतेक मोबाइलवर फोटो पाहूनच होते. आकडा फोटोत दिसतो, बटण दिसत नाही. म्हणून आकडा विकला जातो. माझे म्हणणे असे आहे की या यंत्रांची किंमत अंगठा आणि पडदा यांच्यातल्या विश्वासावर ठरली पाहिजे. तिथे यंत्र उणे असेल तर आतले दहा हजार खेळ असून नसल्यासारखे आहेत. हा निकष आपण लावत नाही, म्हणून यंत्रे वर्षागणिक स्वस्त आणि शक्तिमान होत असूनही हातातल्या खेळांची ही कला आपल्याकडे आहे तिथेच राहिली आहे.

संख्येची ही सवय नवी नाही. १९९०च्या दशकात आपल्या घरांत आलेले टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम बहुतांशी जपानच्या फॅमिकॉम या १९८३ सालच्या यंत्राच्या नकला होत्या. समुराई, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांनी ते विकले जात. सोबतच्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे. प्रत्यक्षात त्या यादीत मोजकेच खेळ असत. तोच खेळ कधी वेगळ्या नावाने, कधी पुढच्या टप्प्यापासून सुरू होऊन पुन्हा पुन्हा येई. त्याच काळात जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानांपासून शहरातल्या फुटपाथपर्यंत पोहोचलेल्या ‘ब्रिक गेम’नेही हाच हिशेब उचलला: वेग आणि पातळी बदलली की खेळ नवा. गंमत अशी की ब्रिक गेम वस्तू म्हणून खरोखर चांगला होता. दहा रुंद आणि वीस उंच चौकोनांचा एलसीडी पडदा विटा रचण्याच्या खेळासाठी नेमका पुरेसा होता. मागे दिवा नसल्याने पेन्सिल सेल दीर्घकाळ टिकत. भारनियमनाचे तास सोसलेल्या विदर्भात, टीव्ही बंद असतानाही चालणारा खेळ ही मोठी सोय होती. मापात बसलेल्या, प्रामाणिक रचनेवर खोटा आकडा चिकटवून ती विकली गेली आणि गिऱ्हाइकाच्या लक्षात राहिला तो आकडाच.

उलट, या कलेचा पाया घालणाऱ्यांनी विचार केला तो हाताचा. निन्टेन्डोच्या गुन्पेई योकोई यांनी १९८२ साली ‘डाँकी काँग’च्या घडीच्या गेम अँड वॉच या हातातल्या यंत्रासाठी अधिकच्या चिन्हासारखी, चार दिशांची एकसंध कळ बसवली. पुढच्या वर्षी ती फॅमिकॉमच्या रिमोटवर आली आणि जगभर रूढ झाली. तिची खुबी दिसण्यात नाही. कळीच्या मधोमध खाली एक टेकू असतो; एक बाजू दाबली की समोरची बाजू वर उचलली जाते, त्यामुळे डावे आणि उजवे एकदम दाबले जात नाही. अंगठ्याला न पाहता दिशा कळते. स्वस्त नकलांत हा टेकू आखूड तरी असतो किंवा नसतोच. मग डावीकडे सरकवताना ‘खाली’ही दाबले जाते आणि टेट्रिसची वीट नको तिथे घसरते, ‘काँट्रा’मध्ये तिरकी गोळी झाडायची तर ती सरळ जाते. खेळणाऱ्याला वाटते, आपलाच हात कच्चा. वर्षानुवर्षे अनेक मुलांनी यंत्राचा दोष स्वतःच्या माथी घेतला असेल, तर त्याचे मूळ या बारीकशा टेकूत आहे.

बटणाला एवढे महत्त्व कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर डिसेंबर २०२३ मध्ये मिळाले. अमेरिकेतील ओक्लाहोमाच्या तेरा वर्षांच्या मुलाने निन्टेन्डोचा १९८९ सालचा टेट्रिस इतका पुढे नेला की १५७व्या पातळीवर खेळच गोठला. माणसाने तो तिथवर नेल्याची ही पहिली नोंद. चौतीस वर्षांत खेळाचे एक अक्षरही बदलले नव्हते. बदलली होती ती बटण दाबण्याची रीत. अंगठा कळीवर नुसता टेकवायचा आणि रिमोटच्या पाठीवर बोटे एकामागून एक आपटायची, म्हणजे एका अंगठ्याला न जमणारा वेग मिळतो. खेळाडूंनी ही युक्ती अलीकडच्या काही वर्षांतच घडवली. एका बटणात तीन दशके पुरेल एवढे कसब दडलेले होते. दहा हजार खेळांच्या यादीत तो टेट्रिसही असतो. पण कळ डळमळीत असेल तर हे कसब त्या यंत्रावर जन्मालाच येणार नाही.

जोडसामानाची कथाही हेच सांगते. ‘डक हंट’ची बंदूक आपल्याकडच्या पिढीला चांगली माहीत आहे. तिच्यातून काही सुटत नसे. नळीत प्रकाश टिपणारा घटक असे. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होई, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि बंदुकीला नेमक्या क्षणी तो उजेड दिसला तर नेम लागला असे धरले जाई. जुन्या काचेच्या टीव्हीवर चित्र ओळीओळीने तत्काळ उमटते म्हणून हे साधे. आजच्या सपाट पडद्याला चित्र दाखवायला लागणारा किंचित उशीर तिथे घातक ठरतो; खेळ तोच, बंदूक तीच, पण नेम कधीच लागत नाही. म्हणजे जो खेळ मेमरीत उतरवला असे आपण म्हणतो, त्याचा अर्धा भाग पडद्यात आणि हातातल्या वस्तूत राहिलेला असतो. नव्या यंत्राच्या यादीत ‘डक हंट’चे नाव असेल, तर संख्या एकाने वाढते आणि खेळ एकही वाढत नाही.

हा निकष आजच्या यंत्रांना लावला तर चित्र संमिश्र दिसते. गेल्या पाचेक वर्षांत चिनी कंपन्यांनी मियू मिनी, अँबर्निकची आरजी३५एक्सएक्स मालिका, आर३६एस अशी यंत्रे आणली आणि त्यांतली काही खरोखर विचारपूर्वक घडवलेली आहेत. साडेतीन इंची, ६४० बाय ४८० ठिपक्यांचा पडदा फॅमिकॉमला अचूक बसतो: २५६ बाय २४० दुप्पट केले की उंची पुरी भरते. गेम बॉयचे १६० बाय १४४ तिप्पट केले की भोवती काळी किनार उरते, पण प्रत्येक ठिपका चौकोनीच राहतो. पडदा पूर्ण भरण्याच्या हट्टाने चित्र ताणले की ठिपके लहानमोठे होतात आणि सरकताना थरथरतात. दुकानातून आलेल्या यंत्रात सहसा ताणलेलेच चित्र असते, कारण भरलेला पडदा फोटोत चांगला दिसतो. विजेचा धडा तर फार जुना आहे. १९८९ सालच्या गेम बॉयचा पडदा हिरवट आणि बिनदिव्याचा. चार सेल पंधरा तासांच्या आसपास पुरत. सेगाच्या गेम गिअरला रंग होते, दिवा होता. सहा सेल तीन ते पाच तासांत संपत. गेम बॉय, रंगीत आवृत्तीसह, ११ कोटी ८० लाखांवर खपला; गेम गिअर एक कोटीच्या घरात राहिला. योकोईंचा आग्रहच असा होता की मुरलेले, स्वस्त तंत्र घ्यावे आणि त्यातून नवी कल्पना काढावी.

आता मुख्य आक्षेप. पहिला: खिशातल्या फोनवर हे सगळे फुकट चालते, मग वेगळे यंत्र कशाला? फोनची ताकद अनेक पटींनी अधिक आहे, हे खरे. पण काचेला कड नसते. अंगठा बटणावर आहे की शेजारी, हे पाहावे लागते आणि पाहायला जावे तर तोच अंगठा चित्राच्या आड येतो. साध्या कीपॅडच्या फोनवरचा साप २, ४, ६, ८ या उठावदार कळांवर न पाहता वळवता येई, तेवढीही सोय काचेवर नाही. फोनला दोन्ही बाजूंनी पकडणारे कंट्रोलर मिळतात. ते चांगले असतील तर फोन हेच उत्तम यंत्र ठरेल. पण तेव्हाही आपण पैसे मोजतो ते बटणासाठीच. दुसरा आक्षेप असा, की हे सारे मध्यमवयीनांचे स्मरणरंजन आहे. स्मरणरंजन बाजारात आहे हे नाकारण्यात अर्थ नाही, पण तेरा वर्षांच्या मुलाला १९८९ची आठवण कुठून असणार? त्याला भावते ती खेळाची शिस्त: नियम थोडे, चूक उघड, आणि सुधारणा आपल्या हातात.

तिसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. स्वस्त नकला नसत्या तर आपल्या गावांत हा खेळ पोहोचलाच नसता. मग त्यांच्या बटणांवर टीका करणे हा सुस्थितांचा चोखंदळपणा नाही का? हे ऋण मान्यच करायला हवे. किंबहुना नकलांनी काही बाबतींत मूळ यंत्रावर मात केली. फॅमिकॉमचे रिमोट यंत्राला कायमचे जोडलेले होते. आपल्याकडच्या अनेक नकलांना नऊ पिनांचा प्लग होता, रिमोट बिघडला की दुसरा लावता येई. आजचा ‘४०० इन १’ डबाही बघा: त्यात बहुधा बीएल-५सी मापाची, जुन्या नोकिया फोनमधली बॅटरी बसते. ती कुठल्याही गावातल्या मोबाइल दुकानात मिळते. म्हणजे स्वस्त आणि चांगले यांत वैर नाही. बटणाखालचा रबरी पडदा आणि त्यावरचा कार्बनचा ठिपका टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तसाच. तो साफ करणे गावच्या कारागिराला जमते. टेकू नीट घडवायला साच्यात थोडी काळजी हवी, फार पैसा नको. गिऱ्हाईक विचारत नाही, म्हणून कारखानदार करत नाही. ई-कचऱ्याचे २०२२चे नियम हातातल्या व्हिडिओ गेमलाही लागू आहेत. उघडता न येणारे, सुटे भाग न मिळणारे यंत्र लवकरच त्या कचऱ्यात जाते, हे खरेदीआधीच लक्षात घ्यावे.

शेवटचा आक्षेप हक्कांचा. कार्डात भरून आलेले हजारो खेळ जवळपास सगळेच विनापरवाना असतात, आणि ते विकणे आपल्या कॉपीराइट कायद्यातही बसत नाही. तो कायदा, कलम ५२ नुसार, स्वतःच्या वैध प्रतीची राखीव नक्कल करू देतो. दुसऱ्याच्या खेळांचे दुकान मांडू देत नाही. पण दुसरी बाजूही मोठी आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३च्या पाहणीत अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात मिळतच नाहीत असे दिसले. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेन्डोने ३डीएस आणि वी यू या आपल्या यंत्रांची ऑनलाइन दुकाने बंद केली. हक्क जपणारे खेळ जपत नसतील, तर ते काम बेकायदा हातांत जाते. म्हणून हक्कधारकांनी जुने खेळ वाजवी किमतीत खुले ठेवावेत, आणि विकत घेणाऱ्याने कोरे यंत्र घेऊन मोजके, निवडलेले खेळ त्यावर ठेवावेत. निवड करणे हाही अभिरुचीचाच भाग आहे, आणि अमर्याद यादी तोच भाग मारते.

या निकषाची खरी कसोटी मात्र खेळण्यात नसून घडवण्यात आहे. महाराष्ट्रात त्याची क्षमता आहे. मुंबईच्या ट्राइन गेम्सने २०१० मध्ये पीएसपीसारख्या हातातल्या यंत्रासाठी गल्ली क्रिकेटचा खेळ काढला. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर जगभर पोहोचला. पण या मोठ्या कामांना भांडवल लागते. जुन्या धाटणीची यंत्रे इथे वेगळी वाट उघडतात. ‘जीबी स्टुडिओ’ हे मोफत साधन वापरून शाळकरी मूल प्रोग्रामिंग न शिकता गेम बॉयचा खेळ बनवू शकते, आणि तो याच स्वस्त यंत्रांवर चालतो. मराठीपुढे तिथे एक खरी अडचण आहे: गेम बॉयचे चित्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटींचे, आणि वर वेलांटी, खाली उकार घेणारे देवनागरी अक्षर त्यात मावत नाही. दोन चौकटींची उंची द्यावी लागते, जोडाक्षरे एकेक चित्र म्हणून काढावी लागतात, पडद्यावर अठराच्या जागी नऊच ओळी मिळतात. अडचण कष्टाची आहे, अशक्य नाही, आणि ती आपल्याखेरीज दुसरे कोणी सोडवणार नाही. शाळांच्या प्रयोगशाळांनी आणि आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्स वर्गांनी हे काम हाती घ्यावे: एका वर्गाने देवनागरी ठिपके काढावेत, दुसऱ्याने कळीचा टेकू तपासावा. स्वतःचा खेळ चालवताना कळ चुकली की बनवणाऱ्याला ती लगेच बोचते, आणि ज्याला ती बोचली तो पुढचे यंत्र घेताना खोक्यावरच्या आकड्याला भुलत नाही. चोखंदळ गिऱ्हाईक असेच तयार होते, आणि कारखानदाराला चांगले बटण बसवायला लावेल असा दुसरा कुणी नाही.