थोर ग्रंथ आणि आपली नावड

कांहीं वर्षांपूर्वीं मिल्टनच्या 'पॅराडाइज लॉस्ट'वरील माझें व्याख्यान संपल्यावर एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, हें काव्य आपल्याला स्वतःला आवडतें का?" मीं त्याला मिल्टनच्या निर्यमक वृत्ताविषयीं चार गोष्टी सांगितल्या, उत्तर मात्र दिलें नाहीं. खरें उत्तर 'नाहीं' असें होतें, आणि तें उच्चारण्याचें धैर्य मजजवळ नव्हतें. ज्या ग्रंथाची थोरवी वर्षानुवर्षें सांगून आपण वेतन घेतों, तो सुटीच्या दिवशीं आपण होऊन कधीं उघडीत नाहीं, ही कबुली अध्यापकास सोपी नसते.

अशा वेळीं दोन मोठ्या वाचकांची आठवण उपयोगी पडते. पहिला डॉ. जॉन्सन. १६६७ सालीं प्रसिद्ध झालेल्या या महाकाव्याचें परीक्षण त्यानें १७७९ सालीं केलें. त्याच्या योजनेची भव्यता त्यानें मुक्तकंठानें वर्णिली; पण त्याच लेखांत हेंहि सांगितलें कीं, यांत माणसांच्या सुखदुःखाचा ओलावा नाहीं, आणि याचें वाचन आनंदापेक्षां कर्तव्य म्हणूनच घडतें. ग्रंथाची थोरवी आणि आपली आवड या दोन गोष्टी त्यानें निरनिराळ्या तोलल्या.

दुसरा टॉलस्टॉय. शेक्सपिअर त्यानें पन्नास वर्षें पुनःपुन्हां वाचला, आणि प्रत्येक वेळीं त्याला कंटाळाच आला. येथपर्यंत त्याचा प्रामाणिकपणा वंद्य आहे. परंतु १९०६ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत तो पुढें गेला: मला आवडत नाहीं, म्हणून शेक्सपिअर थोर नाहीं, आणि त्याला थोर म्हणणारें जग भ्रमांत आहे! त्यानें विशेष राग धरला तो 'किंग लिअर'वर. पुढें १९४७ सालीं ऑर्वेलनें एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली. सर्वस्व सोडून बाहेर पडलेल्या त्या वृद्ध राजाशीं स्वतः टॉलस्टॉयचें विलक्षण साम्य होतें. १९१० सालीं तोहि घर सोडून निघाला, आणि एका आडबाजूच्या रेल्वे स्टेशनावर मरण पावला. म्हणजे आपली नावड कित्येकदां ग्रंथाविषयीं कमी आणि आपल्याविषयीं अधिक सांगते.

हें ध्यानांत आल्यावर मीं माझी नावडहि तपासून पाहिली. माझा कान लहानपणापासून ओवीवर पोसलेला. चार चरणांत विसावा घ्यावा ही त्याची संवय. मिल्टनच्या पहिल्याच वाक्याचें मुख्य क्रियापद सहाव्या ओळींत भेटतें! हा दोष कवीचा म्हणावा कीं माझ्या संवयीचा? शिवाय, ज्यांना भूक नाहीं, भांडण नाहीं, मरण नाहीं, अशा दांपत्याच्या सुखांत माझें मन रमेना. पण पतनानंतर तींच दोघें एकमेकांस दोष देतात, आणि दहाव्या सर्गांत ईव्ह आदमच्या पायांशीं पडून क्षमा मागते, तेथें मी थबकलों. तीं पानें आतां मी स्वखुशीनें वाचतों. बाकीच्या काव्याविषयीं माझें मत बदललेलें नाहीं.

आपल्या घरांतील कपाटांत अशीं कित्येक थोर पुस्तकें मानानें उभीं असतात. त्यांची स्तुति सर्व जण करतात, पानें मात्र कोणी उलटीत नाहीं. ही उसनी भक्ति त्या ग्रंथांचा सन्मान नव्हे. मन लावून वाचून, कारणें देऊन नापसंत करणारा वाचक कवीला अधिक जवळचा होय. आणि तो पुन्हां एकदां वाचावयास तयार असेल, तर त्याहूनहि जवळचा. तो विद्यार्थी आज भेटला तर मी त्याला सांगेन, "नाहीं, फारसें आवडत नाहीं. पण बैस, कां आवडत नाहीं, तें आपण दोघे मिळून पाहूं."