‘घराण्यातच आहे’ म्हणजे जनुकांतच आहे का? एका पेपरचं वाचन

अँटॉप हिलला आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं. त्याचे वडील मला म्हणाले, "ताई, मलाही आहे, माझ्या आईलाही होतं. घराण्यातच आहे, आता पथ्य करून काय होणार?" मी पीएचडी करतेय, म्हणून त्यांना माझा होकार हवा होता. तो मी दिला नाही. का, ते एका पेपरच्या आधारे सांगते.

श्विमर आणि सहकाऱ्यांचा हा पेपर २००९ साली ‘गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी’मध्ये आला. या विषयात त्याचा दाखला सतत दिला जातो. बायोप्सीने फॅटी लिव्हर सिद्ध झालेली जाड मुलं आणि तो नसलेली जाड मुलं घेतली, मग दोघांच्या नातेवाइकांच्या यकृतातली चरबी एमआरआयने मोजली. पहिल्या गटात ५९ टक्के भावंडांना आणि ७८ टक्के पालकांना फॅटी लिव्हर होतं. दुसऱ्या गटात हेच आकडे १७ आणि ३७.

रचना चांगली आहे. तुलनेची मुलंही जाडच, त्यामुळे ‘हा सगळा वजनाचा खेळ’ म्हणून मोकळं होता येत नाही. शिवाय ‘घरात कुणाला आहे का?’ एवढं विचारून न थांबता प्रत्यक्ष मोजमाप केलंय.

अडचण पुढे आहे. वय, लिंग, वंश आणि बीएमआयचा हिशेब धरून फॅटी लिव्हरची आनुवंशिकता निघाली १.०००. म्हणजे शंभर टक्के जनुकं? थांबा. त्याच कुटुंबांत ‘आहे की नाही’ऐवजी ‘चरबी किती’ असं विचारलं, तर आकडा ०.३८६ वर येतो. प्रश्न बदलला की उत्तर एवढं हलतं, हे लक्षात ठेवा. आणि भावंडं जनुकांसोबत एकच स्वयंपाकघर, एकच जेवायची वेळही वाटून घेतात. ते वेगळं काढलं नाही, तर तेही जनुकांच्याच खात्यावर जमा होतं. म्हणून जुळ्यांचे अभ्यास लागतात. लूम्बा यांच्या गटाने २०१५ मध्ये प्रौढ जुळ्यांत काढलेला आकडा ०.५२ च्या आसपास आहे.

जनुकांचा हात नाही, असं मी म्हणत नाही. पीएनपीएलए३ या जनुकातला बदल २००८ मध्ये सापडला आणि तो पुढे अनेक देशांत, मुलांमध्येही, पुन्हा पुन्हा दिसला. पण २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात या बदलाचा परिणाम वजनासोबत वाढताना दिसला. म्हणजे ज्याच्यात हा बदल आहे, त्याला वजन सांभाळण्याचं कारण जास्तच.

तिसरा धागा आपल्याकडचा, आईच्या पोटातला. पुण्याच्या केईएममधल्या डॉ. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून आसपासच्या सहा गावांतल्या मातांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून. हा अभ्यास यकृताचा नव्हता. तरी ‘घराण्यातून आलं’ यात आईचं गरोदरपणातलं पोषणही येऊ शकतं, हे तो दाखवतो.

तेव्हा पेपरात ‘कौटुंबिक धोका’ दिसला की विचारा: जनुकं, स्वयंपाकघर की गर्भ? आणि लेखकांनी ते वेगळं कसं काढलं?

शेजारच्या दादांना मी एवढंच म्हटलं, "धाकटीलाही डॉक्टरांना दाखवून घ्या. आणि पथ्य सोडू नका, घरात सगळ्यांनीच करा."