प्रश्नावलीतले पर्यावरणप्रेम

‘खोलीबाहेर जाताना तुम्ही दिवे बंद करता का? नेहमी, कधीकधी की कधीच नाही?’ पर्यावरणाच्या शालेय प्रकल्पांत असे दहा-वीस प्रश्न हमखास असतात. विद्यार्थी ते घरोघर जाऊन विचारतात, ‘नेहमी’ला दोन गुण, ‘कधीकधी’ला एक असे गुण देतात आणि बेरीज करून कोणते कुटुंब किती पर्यावरणस्नेही ते ठरवतात. या बेरजेत नेमके काय मोजले गेले, हे तपासून पाहिले पाहिजे असे आम्हांला वाटते.

पहिली अडचण मत आणि वर्तन यांतील अंतराची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लेनर्ड बिकमन यांनी १९७२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. रस्त्यात मुद्दाम कचरा टाकून ठेवला होता. त्याच्या जवळून गेलेल्या लोकांना पुढे गाठून विचारले, की दिसलेला कचरा उचलणे ही प्रत्येकाची जबाबदारी आहे का? सुमारे ९४ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. प्रत्यक्षात तो उचलणारे जेमतेम २ टक्के निघाले.

मग मत न विचारता थेट ‘तुम्ही काय करता?’ असे विचारले तर? कॉर्मोस आणि गिफर्ड या संशोधकांनी २०१४ साली अशा अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. लोकांनी सांगितलेले वर्तन आणि प्रत्यक्ष मोजलेले वर्तन यांतील सहसंबंध सुमारे ०.४६ आला. या संख्येचा वर्ग करा : ०.२१. म्हणजे माणसामाणसांच्या वर्तनात जो फरक आढळतो, त्याच्या साधारण एकपंचमांश भागाचाच उलगडा उत्तरांवरून होतो. लोक खोटे बोलतात असा याचा अर्थ नव्हे. स्मरण अपुरे असते, चांगले दिसावेसे वाटते, आणि एकाचे ‘नेहमी’ दुसऱ्याचे ‘कधीकधी’ असू शकते.

दुसरी अडचण गुण देण्याची. गणिताच्या पेपरात सोपे आणि अवघड प्रश्न असतात, हे शिक्षकांना सांगायला नको. फ्लोरियन कायझर यांनी १९९८ साली मांडलेल्या मोजपट्टीत हाच विचार आहे. कागद रद्दीत देणे सोपे, गाडीवाचून राहणे अवघड. जो अवघड गोष्टीही करतो त्याची निष्ठा अधिक. साध्या बेरजेपेक्षा ही पद्धत निश्चितच सरस आहे. पण तीही निष्ठा मोजते, परिणाम नव्हे. एखादी गोष्ट करायला अवघड आहे म्हणून तिच्यामुळे प्रदूषण अधिक टळते, असे नसते.

आमचा मुख्य आक्षेप येथेच आहे. नेदरलँड्समधील कुटुंबांवर गाटर्सलेबेन, स्टेग आणि फ्लेक यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. आपण पर्यावरणपूरक वागतो असे सांगणाऱ्या कुटुंबांचा ऊर्जावापर कमी असतोच असे त्यात दिसले नाही. तो वापर मुख्यतः उत्पन्न आणि कुटुंबाचा आकार यांच्याशी निगडित होता. आता आपल्या वस्तीतील दोन घरे डोळ्यांपुढे आणा. एकात मोटार आहे, वातानुकूलन यंत्र आहे. पण कापडी पिशवी वापरतात, ओला-सुका कचरा वेगळा ठेवतात. दुसऱ्यात दोन दिवे आणि एक पंखा. कचरागाडी गल्लीत येत नाही, म्हणून कचरा कोपऱ्यावर पडतो. आपली प्रश्नावली पहिल्या घराला पैकीच्या पैकी गुण देईल आणि दुसऱ्याला नापास करील. त्या दुसऱ्या घरातला विद्यार्थी आपल्याच वर्गात बसलेला असतो. चुकीच्या मापाने त्याच्या घराला दोष लावणे हे विज्ञान नव्हे आणि न्यायही नव्हे.

प्रश्नावली टाकून द्यावी असे आम्ही म्हणत नाही. लोकांना काय योग्य वाटते, हे जाणण्यास ती उपयोगी आहे. मात्र तिच्या जोडीला मोजमाप हवे. वीजबिलावर युनिट छापलेले असतात. त्यांना घरातील माणसांच्या संख्येने भागावे. घरच्यांच्या संमतीने आठवडाभराचा कचरा ताणकाट्याने तोलावा. ‘पिशवी नेता का?’ ऐवजी ‘काल बाजारात गेलात तेव्हा पिशवी घरून नेली होती का?’ असे विचारावे. मग सांगितलेले आणि मोजलेले असे दोन रकाने शेजारी शेजारी मांडावेत, घरांची नावे न लिहिता. ते कोठे जुळत नाहीत आणि का, याची चर्चा वर्गात झाली तर पर्यावरणाबरोबरच मापनाचाही एक चांगला पाठ होईल.