सुंदरीवादन आणि संगीतसमीक्षेचे निकष : सिद्धराम जाधव यांच्या निमित्ताने

प्रास्ताविक : सनईला आपण मंगलवाद्य म्हणून मान देतो, परंतु सनईवादकाला मात्र मांडवाच्या दारापाशी किंवा नगारखान्यातच बसवतो. सनई-चौघड्याशिवाय लग्न पार पडल्यासारखे वाटत नाही; तरीही वाजवणाऱ्याचे नाव विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. उस्ताद बिस्मिल्ला खाँ (१९१६–२००६) यांना २००१ मध्ये भारतरत्न मिळाले आणि या वाद्याचा सर्वोच्च गौरव झाला. मात्र त्या एका नावापाशीच आपली समीक्षा थांबली, असे खेदाने म्हणावे लागते. प्रस्तुत लेखात सोलापूरच्या सुंदरीवादनाच्या आधारे समीक्षेच्या प्रचलित निकषांचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

वाद्याचे कूळ : सुंदरी ही सनईचीच धाकटी बहीण होय. दुहेरी पत्ती, लाकडी नळी आणि बोटांनी झाकावयाची छिद्रे ही रचना दोहोंची समान आहे. या कुळाचा विस्तार फार मोठा आहे. तुर्कस्तानातील झुर्ना, चीनमधील सुओना, दक्षिणेतील नादस्वरम् ही सारी त्यातलीच वाद्ये. रत्नागिरीत ज्याचा बंदिवास संपला त्या थिबा राजाच्या ब्रह्मदेशातील 'ह्ने' हे वाद्यही याच कुळातले. चीनमध्येही सुओना लग्नात व अंत्ययात्रेत वाजवणाऱ्यांचे वाद्य मानले जाई. रन थोंगश्यांग यांनी १९५३ मध्ये बुखारेस्टच्या जागतिक युवक महोत्सवात पक्ष्यांच्या आवाजांवर रचलेली पारंपरिक धून सुओनावर सादर केली आणि या वाद्याला मैफलीची प्रतिष्ठा लाभली. तेथे वाद्याचा स्वतःचा गुणच कौतुकाचा विषय ठरला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

सिद्धराम जाधव यांचे कार्य : सुंदरीला रागसंगीताच्या मैफलीत स्थान मिळवून देणाऱ्यांत सोलापूरचे सिद्धराम जाधव यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. पुढे चिदानंद जाधव व भीमण्णा जाधव यांनी ही परंपरा चालवली. या कार्याचे मोल कळण्यासाठी वाद्याची अडचण समजून घेणे आवश्यक आहे. नळी आखूड असल्यामुळे सुंदरीचा स्वर उंच व टोकदार असतो. द्रुत लयीला तो साजतो, पण विलंबित आलापात ठसठशीतपणा टिकवणे कठीण जाते. छिद्रांमुळे स्वर तुटक होण्याकडे कल असतो. त्यामुळे मींड घ्यायची तर बोट अर्धवट उचलून, ओठांचा दाब व फुंकीचा जोर एकाच वेळी सांभाळावा लागतो. गालात हवा राखून नाकाने श्वास घेण्याची युक्ती साधल्याखेरीज सलग स्वर निघत नाही. वादकाची खरी साधना येथे पणाला लागते.

निकषांचा प्रश्न : अशा वादनाचे वर्णन करताना 'गायकी अंग' या एका शब्दावर आपण भागवतो. त्यात तथ्य नाही असे नाही. आपल्या रागसंगीताचे व्याकरण कंठातूनच घडले आहे आणि बिस्मिल्ला खाँ यांच्या कजरी-चैतीचा गोडवाही त्याच नात्यातून आला आहे. परंतु हा एकमेव निकष मानला, तर वाद्य म्हणजे गळ्याची नक्कल ठरते आणि फुंक, पत्ती व बोटे यांचे कर्तृत्व अलिखित राहते. गळ्याला जे सहज आहे ते सुंदरीने कोणत्या कष्टाने मिळवले, आणि गळ्याला जे शक्य नाही असे तिने काय दिले, हे दोन्ही प्रश्न समीक्षकाने विचारले पाहिजेत.

समारोप : आज अनेक देवळांत आरतीच्या वेळी विजेवर चालणारा नगारा वाजतो आणि लग्नात ध्वनिमुद्रित सनई लावली जाते. यंत्राला श्वास घ्यावा लागत नाही, म्हणून ते स्वस्त पडते. दारातला वादक दारातूनही नाहीसा होत असताना त्याची नोंद घेणे हे महाविद्यालयीन अभ्यासकांचे कर्तव्य ठरते. आपापल्या तालुक्यातील सनईवादकाचे नाव, गाव, गुरू, पत्ती तयार करण्याची रीत आणि त्याच्या चिजा एवढे जरी मराठी, संगीत व समाजशास्त्र या विभागांनी मिळून लिहून ठेवले, तरी पुढील समीक्षेला पाया मिळेल. सिद्धराम जाधवांनी वाद्याला मैफलीत नेले. त्या वाद्याला समीक्षेत आणण्याचे काम अद्याप आपल्याकडे शिल्लक आहे.