वाचता न येणाऱ्या रुग्णाचे लेबल

पुस्तकांची परीक्षणे आपण नेहमी वाचतो. या लेखात ज्या मजकुराचे परीक्षण करायचे आहे तो मात्र एखाद्या टपाल तिकिटावर मावेल एवढाच आहे. त्याला लेखक आहे, संपादक आहे, मुद्रक आहे, आणि त्याच्या लाखो प्रती निघतात. तरीही तो कोणी वाचतो का, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. हा मजकूर म्हणजे जनावरांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या औषधावरचे लेबल.

या विषयाकडे माझे लक्ष गेले ते एका मांजरामुळे. श्रीवर्धन तालुक्यात माझ्या काकूचे घर आहे. मागे पोफळीची वाडी, पुढे अंगण, आणि अंगणात कुत्री-मांजरे. पावसाळ्यात मांजराच्या अंगावर गोचिड्या झाल्या म्हणून काकूने शेजाऱ्यांकडून औषधाची एक छोटी नळी आणली. त्यांच्या कुत्र्याला ती लागू पडली होती. मानेवर चार थेंब टाकले. रात्री मांजर थरथरू लागले, मग झटके आले. पशुवैद्य तालुक्याच्या गावी. सकाळी तिथे पोचेपर्यंत मांजर गेले होते.

पुढे मी तिथे गेलो तेव्हा शेजाऱ्यांकडचे रिकामे खोके पाहायला मिळाले. त्यावर मांजराचे चित्र होते आणि त्यावर ठळक फुली होती. पण खोक्यात तीन नळ्या होत्या आणि काकूकडे आली होती त्यातली एक, सुटी. नळीवर औषधाचे नाव, बॅच क्रमांक, बारीक इंग्रजीत एक ओळ आणि प्राण्याच्या डोक्याचे चिन्ह. काकू मला म्हणाली, "चित्र तर प्राण्याचंच होतं ना रे?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण चित्र खरोखरच प्राण्याचे होते. आपल्याकडील औषधविषयक नियमांतील 97 व्या नियमानुसार जनावरांच्या औषधावर 'माणसांसाठी नाही, केवळ जनावरांच्या उपचारासाठी' अशा अर्थाचे शब्द आणि पाळीव प्राण्याच्या डोक्याचे चिन्ह असावे लागते. हे चिन्ह माणसाला सावध करते. कोणत्या प्राण्याला औषध द्यायचे आणि कोणत्या प्राण्याला नाही, हे मात्र ते सांगत नाही. नियम करणाऱ्यांच्या नजरेसमोर माणूस आणि जनावर असे दोनच वर्ग होते. प्रत्यक्षात कुत्रा आणि मांजर यांच्या शरीरांतला फरक जीवघेणा ठरू शकतो.

त्या नळीत परमेथ्रिन होते. हे द्रव्य कीटकांच्या चेतातंतूंवर काम करते. तंतूतील सोडियमची दारे वेळेवर बंद होत नाहीत, संदेश थांबत नाहीत आणि कीटक मरतो. कुत्र्याचे यकृत हे द्रव्य पुरेशा वेगाने निकामी करून बाहेर टाकते. मांजराच्या यकृतात परक्या रेणूला ग्लुकुरॉनिक आम्ल जोडून त्याची वासलात लावण्याची क्षमता फारच कमी असते. त्यामुळे विष शरीरात साठते. आपण तापावर सहज घेतो त्या पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराला मारू शकते, ती याच उणिवेमुळे.

आता दोष कोणाचा? कारखान्याचा, असे म्हणण्याचा मोह होतो. पण छपाई आणि वेष्टनाची तपासणी कारखान्यात कशी होते ते पाहिले, तर हे उत्तर अपुरे वाटते.

ही तपासणी काटेकोर असते. वेगवेगळ्या औषधांची लेबले वेगवेगळी, कुलपात ठेवतात. ती मोजून देतात आणि मोजून परत घेतात. दिलेली लेबले म्हणजे चिकटवलेली, खराब झालेली आणि उरलेली यांची बेरीज. हा हिशेब जुळला नाही तर कारण सापडेपर्यंत माल बाहेर जात नाही. बोर्डाच्या परीक्षेत पुरवण्यांचा हिशेब देणाऱ्या शिक्षकांना ही पद्धत वेगळी समजावून सांगायला नको. एका औषधाचे काम संपून दुसऱ्याचे सुरू होण्यापूर्वी यंत्राजवळचा आधीचा प्रत्येक खोका आणि प्रत्येक चिटोरा हलवलेला आहे, याची सही होते. मग ठरावीक नमुने काढून पाहतात. अशा नमुना-तपासणीसाठी आयएस 2500 हे भारतीय मानक आहे. शाई बोटाने घासून पाहतात, चिकटपट्टी लावून ओढून पाहतात. दोषांची प्रतवारी असते. रंगाची छटा किंचित फिकी, हा किरकोळ दोष. एका औषधाच्या बाटलीवर दुसऱ्याचे लेबल, हा घातक दोष. तो एकही चालत नाही.

या सगळ्या तपासणीत गुणवत्तेचा अर्थ एकच असतो: छापलेली प्रत मंजूर नमुन्याशी जुळली पाहिजे. माझा आक्षेप नेमका इथे आहे. नमुनाच वाचता येण्यासारखा नसेल, तर त्याच्या दहा लाख निर्दोष प्रती निघतील आणि त्या दहा लाखही वाचता येणार नाहीत. काकूच्या हातातली नळी कारखान्याच्या कसोटीवर पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली असती.

वाचनीयतेचे गणित साधे आहे. 6/6 दृष्टीच्या माणसाला जे अक्षर जेमतेम ओळखता येते, ते डोळ्याशी 5 मिनिटांचा कोन करते. एक अंश म्हणजे 60 मिनिटे. 35 सेंटीमीटर अंतरावर या कोनाची उंची सुमारे अर्धा मिलिमीटर भरते. ज्याची दृष्टी 6/12 आहे, त्याला त्याच अंतरावर एक मिलिमीटरचे अक्षर जेमतेम दिसेल. म्हणजे एक मिलिमीटर उंचीची अक्षरे ही पुष्कळ लोकांच्या बाबतीत शेवटची मर्यादा आहे. त्यात चाळिशी उलटली की जवळचे धूसर होते. चकचकीत पत्र्यावर करडी शाई असेल तर अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक आणखी घटतो. आणि हे सारे गणित भाषा येते असे धरून मांडलेले आहे.

दुसरा दोष वेष्टनाच्या भूमितीचा आहे. गोळ्यांच्या पट्टीवर मुदतीची तारीख आणि बॅच क्रमांक बहुधा एकाच टोकाला असतो. दुकानदार दोन गोळ्या कापून देतो आणि तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहते. आपण औषधे सुटी घेतो, वाटून घेतो, उरलेली डब्यात ठेवतो, हे सर्वांना ठाऊक आहे. तरी वेष्टन असे बेतलेले असते की जणू प्रत्येक खोका शेवटपर्यंत अखंड राहणार आहे. तिसरा दोष हवेचा. औषध टिकते की नाही हे आपल्याकडे 30 अंश सेल्सियस आणि 70 टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवून पाहण्याची पद्धत आहे. कोकण किनाऱ्यावर जुलैमध्ये आर्द्रता याच्या बरीच वर असते, आणि गोठ्यातल्या फळीवरच्या बाटलीचे कागदी लेबल औषधाच्या आधीच निकामी होते.

एका मांजरासाठी एवढा शब्दप्रपंच कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणून याच किनाऱ्यावरचे दुसरे, फार मोठे उदाहरण पाहू. श्रीवर्धनला लागून म्हसळा तालुका आहे. त्यातल्या चिरगावच्या परिसरात पांढऱ्या पाठीची गिधाडे उंच झाडांवर घरटी करतात. महाडच्या सीस्केप या संस्थेने तिथे गावकऱ्यांना बरोबर घेऊन संवर्धनाचे काम केले आहे. या कामाची गरज का पडली, त्याची गोष्ट एका औषधाच्या बाटलीशी येऊन थांबते.

भारतात 1992 ते 2007 या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या सुमारे 99.9 टक्क्यांनी घटली. म्हणजे हजारातले एक उरले. भरतपूरला विभू प्रकाश यांनी ही घट प्रथम नोंदवली. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील गिधाडांच्या अभ्यासातून 2004 मध्ये कारण दाखवून दिले: डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. जनावराला ते टोचले आणि थोड्याच काळात जनावर मेले, तर त्याच्या मांसात ते उरते. ते खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचतो. एका मृत जनावरावर अनेक गिधाडे जेवतात. त्यामुळे शंभर जनावरांमागे एकाहून कमी दूषित असले, तरी एवढी घट घडू शकते असे गणिताने दिसून आले.

सरकारने 2006 मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बनवण्यावर बंदी घातली. माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक चालूच राहिले, कारण ते आपल्याला लागते. मग 2008 मध्ये त्याच्या लेबलावर 'जनावरांसाठी नाही' असे छापण्याचा आदेश निघाला. मंजूर मजकूर, स्पष्ट छपाई. लेबलाच्या बाजूने विचार केला तर काम फत्ते.

प्रत्यक्षात काय झाले? 2007 ते 2010 या काळात अकरा राज्यांतील अडीचशेहून अधिक औषध-दुकानांत गिऱ्हाईक म्हणून जाऊन पाहणी केली गेली. जनावरासाठी औषध मागितल्यावर 36 टक्के दुकानांत माणसांचे डायक्लोफेनॅक विकायला काढलेले आढळले. त्याला सोयीची बाटलीही होती, 30 मिलिलिटरची. एक साधे गणित वर्गात करून पाहा. माणसाला एका वेळी 3 मिलिलिटर लागते, त्यात 75 मिलिग्रॅम औषध असते. 300 किलोच्या गायीला किलोमागे 2.5 मिलिग्रॅम या प्रमाणात 750 मिलिग्रॅम लागेल. म्हणजे किती मिलिलिटर? बरोबर 30. लेबल म्हणत होते 'जनावरांसाठी नाही', पण बाटलीचा आकार म्हणत होता 'जनावरासाठीच'. दुकानदाराने आणि शेतकऱ्याने यांपैकी काय वाचले, हे सांगायला नको.

जुलै 2015 मध्ये सरकारने शब्दांऐवजी आकार बदलला. माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक इंजेक्शन 3 मिलिलिटरच्या एका मात्रेच्या कुपीतच मिळेल, असा नियम झाला. आता त्याच गायीसाठी दहा कुप्या फोडाव्या लागतात. काही कंपन्या याविरुद्ध न्यायालयात गेल्या. मद्रास उच्च न्यायालयाने 2017 मध्ये नियम कायम ठेवला.

एवढ्याने प्रश्न सुटला असे मी म्हणणार नाही. नंतरच्या पाहण्यांतही दुकानांत जनावरांसाठी डायक्लोफेनॅक मिळतच राहिले. शिवाय औषध एकच नव्हते. किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक यांवर जनावरांसाठी बंदी यायला 2023 उजाडले. असिक्लोफेनॅकचे तर गायीच्या शरीरात डायक्लोफेनॅकच होते. वेष्टन हा बंदीला पर्याय नाही, आणि मेलॉक्सिकॅमसारखे गिधाडांना सुरक्षित औषध शेतकऱ्याच्या हाती सहज पडल्याशिवाय बंदीलाही अर्थ नाही. पण क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. लेबलावरची ओळ दुर्लक्षिता येते. कुपीचा आकार दुर्लक्षिता येत नाही. तो निदान हात आडवा घालतो.

मांजर आणि गिधाड, दोघांच्या मरणात एक गोष्ट समान आहे. ज्याच्या जिवाचा प्रश्न होता, त्याला लेबल वाचता येत नव्हते. माणूस स्वतःची गोळी घेताना निदान संशय आला तर थांबतो. जनावराचे औषध मात्र नेहमी दुसऱ्याच्या हातून, दुसऱ्याच्या वाचनावर अवलंबून दिले जाते. गिधाड तर त्या औषधापासून दोन पावले दूर असते. अशा ठिकाणी इशारा वेष्टनाच्या आतल्या थरापर्यंत पोचला पाहिजे: प्रत्येक नळीवर फुली मारलेले मांजर, गोळीच्या प्रत्येक खणामागे मुदतीची तारीख. हे अशक्य नाही. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा असा विषारीपणाचा रंगीत चौकोन आपल्याकडे कायद्याने असतो आणि सोबतच्या माहितीपत्रकात प्रादेशिक भाषाही असते. पिकावरच्या किडीसाठी जे जमले, ते दारातल्या मांजरासाठी का जमू नये?

शिक्षकांना एक विनंती. मुलांना घरातल्या औषधांचे रिकामे खोके आणि रिकाम्या पट्ट्या आणायला सांगा. भरलेले काही आणू देऊ नका, आणि नंतर हात धुवायला लावा. सर्वांत लहान अक्षराची उंची पट्टीने मोजा. हातभर अंतरावरून ते कोणाला वाचता येते याची नोंद करा. घरी आजी-आजोबांनाही विचारायला सांगा. ओल्या फडक्याने वीस वेळा घासून तारीख उरते का पाहा. पट्टी मधोमध कापून कोणत्या तुकड्याला तारीख आली ते लिहा. शेवटी प्रत्येक गटाने एका लेबलाचे परीक्षण लिहावे: त्यात काय म्हटले आहे, कोणाला कळेल, आणि कोणाला कळणार नाही.

ही परीक्षणे जमली तर ती उत्पादकांना आणि अन्न व औषध प्रशासनाला पाठवायलाही हरकत नाही. कारखान्यात लेबलाचे खूप परीक्षक असतात. पण ते घेऊन औषध देणाऱ्या काकूच्या जागी उभे राहून वाचणारा परीक्षक तिथे कोणी नसतो. ती जागा आपल्या वर्गातल्या मुलांना घेता येईल.