आशा की आस? फादर दिब्रिटो वाचताना

मंडळी, जुन्नर तालुक्यातल्या आळ्याला रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले, तो रेडा. तिथे हात जोडून उभ्या असलेल्यांना विचारा, रेडा खरंच बोलला का? बरेच जण हसतील, पण हात जोडलेलेच राहतील. आपला मराठी सेक्युलरपणा साधारण असा आहे. श्रद्धा घरातली असेल तर तिची उलटतपासणी कुणी करत नाही. ती बाहेरची वाटली, की प्रश्न सुरू होतात.

२०१९ साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा हेच घडलं. वसईचे कॅथलिक धर्मगुरू, आयुष्यभर मराठीत लिहिलेलं, अनेक वर्षं ‘सुवार्ता’चे संपादक, ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार. तरी काही संघटना म्हणाल्या, धर्मप्रसारक अध्यक्ष कसा चालेल? त्यावर आपण पुरोगामी मंडळी धावून गेलो, आणि आपणही त्यांचा झगाच दाखवला: बघा, मराठी किती उदार! पुस्तकं दोन्ही बाजूंनी मिटलेलीच राहिली. ती आज उघडायची आहेत.

पण आधी वसईबद्दल थोडं. भीमाशंकरला तुम्ही सगळे गेला असाल. मंदिराच्या आवारात एक मोठी घंटा आहे, तिच्यावर १७२९ हे साल आहे. ही घंटा पोर्तुगीज. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तिथल्या चर्चच्या घंटा अशा देवळादेवळांत पोहोचल्या. सत्ता गेली, घंटा गेल्या; कॅथलिक माणसं मात्र तिथेच राहिली. राजाश्रय नसताना श्रद्धा कशी टिकवायची, हा धडा वसईकर तेव्हापासून गिरवत आले. युरोपातल्या चर्चला तो पुष्कळ उशिरा गिरवावा लागला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) आधुनिक जगाशी बोलण्यासाठी जो दस्तऐवज काढला, त्याचं नावच ‘आनंद आणि आशा’ असं आहे. त्याच परिषदेने लोकभाषांतल्या उपासनेलाही वाट करून दिली. दिब्रिटो १९७२ मध्ये धर्मगुरू झाले, म्हणजे ते या नव्या वाऱ्यातले.

आता खरी अडचण सुरू होते. विश्वास, आशा आणि प्रीती ही ख्रिस्ती मराठीतली त्रयी. विश्वास कळतो, प्रीतीही कळते. पण आशा? संतांच्या मराठीत आशा ही बेडी आहे. आशापाश, आशाळभूत, आशेला लावणं, सगळे शब्द बघा. तिच्यातून सुटायचं असतं. जो शब्द चर्चमध्ये सद्गुण, तोच कीर्तनात विकार! वारकरी आशा सोडतो, पण त्याला विठ्ठलाची आस असते. आशा काहीतरी मिळण्याची असते, आस कुणाच्या तरी भेटीची. तुमच्याकडे हा फरक समजावून सांगायला नको. ज्या आंबेगावच्या नावाने तालुका आहे, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. भरपाई मिळेल ही आशा झाली. गावाची जी लागून राहते, ती आस. ख्रिस्ती अर्थ या दुसऱ्या शब्दाच्या जास्त जवळ आहे, असं आम्हाला वाटतं.

दिब्रिटोंच्या गद्याला ही आस ठाऊक आहे. ते संतांकडे पाहुण्यासारखे जात नाहीत, शेजारच्या घरात जावं तसे जातात. पण नेमक्या जागी त्यांचा हात सैल पडतो. त्यांच्या एका पुस्तकाचं नाव आहे ‘ओअॅसिसच्या शोधात’. अहो, झरा आहे, पाणवठा आहे, विहीर आहे, आणि आपण ओअॅसिस शोधतोय! नावावरून पुस्तक जोखू नये हे मान्य. पण परक्या वाळवंटातली आशा वाचकाला सुंदर वाटते, तहान मात्र लावत नाही. उलट ‘हरित वसई’च्या चळवळीत दिब्रिटो बागायतीसाठी, विहिरींच्या पाण्यासाठी उभे राहिले. तिथे त्यांच्या आशेला माती होती, विरोधक होते, हरण्याची शक्यता होती. सेक्युलर समाजाने त्यांना धर्मगुरू असूनही आपलं मानलं ते तिथे. हा ‘असूनही’ त्यांना पटला असता असं आम्हाला वाटत नाही. धर्मगुरू होते म्हणूनच ते तिथे होते.

आमची मोठी तक्रार वेगळी आहे. दिब्रिटोंच्या ललित लेखनात आशा बहुतेक वेळा पोहोचलेली असते, वाटेत नसते. शंका येते, पण दोन परिच्छेदांत निवते. इथे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ शेजारी ठेवून बघा. त्या कॅथलिक नव्हेत, प्रॉटेस्टंट. तरी तुलना सुटत नाही. १८९५ मध्ये नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना तिथवर यायला पुढे पाच वर्षं लागली. त्या काळातला राग, सोवळं-ओवळं, रडणं, मध्येच स्वतःवर हसणं, सगळं त्या पानावर ठेवतात. वाचकाचा धर्म कोणताही असो, किंवा नसो, तो त्यांच्याबरोबर अडखळत चालतो. दिब्रिटो वाचकाचा हात फार लवकर धरतात. धर्मगुरूची ती सवय असणार, माणसाला अंधारात एकटं सोडायचं नाही. प्रार्थनेला आलेल्या माणसाला तो हात हवाच असतो. पण ज्याला देवच मान्य नाही, त्या मराठी वाचकाला थोडा वेळ अंधारात उभं राहू द्यायला हवं होतं. तो वाचक तिथेच त्यांना भेटला असता.